मामांचा ऐच्छिक विषय

सत्तरच्या दशकात मॅट्रिक अकरावीवरून दहावीवर आली. जुन्या अभ्यासक्रमात नापास झालेल्यांसाठी मार्चमध्ये एक शेवटची परीक्षा होईल आणि त्यानंतर तो अभ्यासक्रम कायमचा बंद होईल, असं जाहीर झालं. इतवारीतल्या आमच्या गल्लीतून त्या परीक्षेला एकच उमेदवार बसणार होता. आमच्या घरमालकीणबाईंचे धाकटे भाऊ. वय अडतीस.

घरमालकीणबाईंना आम्ही काकू म्हणत असू. त्यांची मुलं या भावाला मामा म्हणत, म्हणून भाडेकरूंची मुलं म्हणू लागली, मग भाडेकरू, मग दूधवाला. या मामांनी जितक्या लोकांना मार्गाला लावलं तितक्या लोकांना नागपुरात दुसऱ्या कोणी लावलं नसेल, असं मी जबाबदारीने लिहिते. आमच्या गल्लीत पोटापाण्याचा उद्योग कोणी स्वतः निवडला नाही आणि कोणाच्या आईबापांनीही निवडला नाही. तो मामांनी निवडला, आणि त्यासाठी त्यांनी फक्त एक संत्रं वापरलं.

मामा संत्रा मार्केटमध्ये एका अडत्याकडे कामाला होते. डाग पडलेली, विक्रीला न जाणारी संत्री ते सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून घरी आणत. त्या काळी आठवीच्या तोंडावर विषयांचा गट ठरवावा लागे: विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेतकी, मुलींसाठी गृहशास्त्र. एकदा गट ठरला की पुढचं आयुष्य बरंचसं ठरल्यासारखं असे. तो ठरवण्याआधी प्रत्येक मुलाला मामांच्या ओट्यावर बसून संत्रं सोलावं लागे. मामा समोर उकिडवे बसत आणि बोटांकडे बघत. तोंडाने काही विचारत नसत. त्यांचं म्हणणं असं की, पोराला विचारलं तर ते बापाचं उत्तर देतं. हात मात्र स्वतःचं उत्तर देतात.

एकाने साल न तुटता एका पट्टीत काढली आणि पुन्हा गुंडाळून गोल केली. मामांनी त्याला तांत्रिक शाळेत पाठवलं. तो ड्राफ्ट्समन झाला. एका मुलीने प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा न दोरा काढला आणि एकही फोड फुटू दिली नाही. ती नर्स झाली. एकाने संत्रं न सोलता खिशात घातलं. मामा म्हणाले, "याले दुकान टाकून द्या." ते दुकान चांगलं चाललं. एका मुलाने संत्रं तसंच परत केलं. मामांनी बराच विचार करून सांगितलं, "याले काहीच करायचं नाही दिसत. सरकारी नोकरीत चालन." पुढे कळलं की त्या दिवशी मुलाचं तोंड आलं होतं. पण तोवर तो सरकारी नोकरीत लागला होता.

या पद्धतीत एकच अडचण होती. संत्र्याचा दुसरा बहार मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि शाळेचे प्रवेश जूनमध्ये होतात. जे पालक वेळेवर जागे झाले नाहीत त्यांना मामा सरळ पुढल्या वर्षी या म्हणत. एका बाईने जूनमध्ये मुलाला केळं घेऊन आणलं होतं. मामांनी केळं परत केलं. "केळं साऱ्या दुनियेतले लोकं सारखंच सोलतात, बाई. त्याच्यातून माणूस दिसत नाही." आंब्याचं नाव काढलं की ते हसत: "आंब्यापुढं कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही."

माझी पाळी आली त्या वर्षी वडिलांनी गृहशास्त्र ठरवून टाकलं होतं. वडील रेल्वेत कारकून होते आणि ठरलेलं बदलणं त्यांना आवडत नसे. मी ओट्यावर बसले, संत्रं सोललं, फोडी ओळीत मांडल्या आणि खाण्याआधी सांगितलं की फोडी अकरा आहेत, बिया सात, एक फोड वाळलेली आहे आणि साल देठाकडे सडायला लागली आहे.

मामा उठून आमच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, म्हणून पुढचं बोलणं मला जसंच्या तसं माहीत आहे.

"तुमची पोरगी पेपरात जाईन," मामा म्हणाले.

"पेपरात म्हणजे? फोटो छापून येईल?"

"लिहिणाऱ्यांत. तिले वाणिज्यात टाका. टायपिंग, शॉर्टहँड शिकवा."

"अहो मामा, मुलीची जात आहे. गृहशास्त्र तिला पुढे उपयोगी पडेल."

"काहून? तिनं संत्र्याचा पंचनामा करून टाकला, अन् तुम्ही तिले मुरब्बा शिकवून राहिले?"

वडिलांनी एक महिना विरोध केला. मामा रोज संध्याकाळी कामावरून परतताना आमच्या दारात सायकल थांबवत, घंटी वाजवत आणि "वाणिज्य" एवढंच म्हणून पुढे जात. महिन्याअखेरीस वडील स्वतः शाळेत जाऊन गट बदलून आले. मॅट्रिकनंतर मी टायपिस्ट म्हणून एका दैनिकात लागले, नंतर बातम्यांच्या टेबलावर गेले. ज्या घंटीचा वडिलांना त्रास झाला, तिच्यावर माझं घर उभं आहे.

एवढ्या लोकांचे विषय निवडणारा हा माणूस स्वतः मॅट्रिक झालेला नव्हता. त्याचं कारण उच्च गणित. मामा भिवापूरहून शिकायला बहिणीकडे आले, तेव्हा शाळेत त्यांच्या गावचा एकच मुलगा होता. त्याने ऐच्छिक विषय म्हणून उच्च गणित घेतलं. त्याच्या शेजारची जागा मिळावी म्हणून मामांनीही तेच घेतलं. महिनाभरात तो मुलगा करमत नाही म्हणून भिवापूरला परत गेला. बाक आणि गणित मामांकडे राहिलं.

जुन्या नियमात एक विषय गेला की सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागे. मामा बाकीच्या विषयांत पास होत आणि गणितात जात. एकदा त्यांनी तीन तासांत एकच उदाहरण सोडवलं, आणि ते बरोबर होतं. एकदा पुढच्या बाकावरचा मुलगा घाबरून रडू लागला, तर मामा त्याला धीर देत बसले. पर्यवेक्षकांनी दोघांनाही उठवलं. नापास झालेला ऐच्छिक विषय बदलून दुसरा सोपा घ्यायची सोय नियमातच होती. पण तसं सुचवलं की मामा म्हणत, "आता सोडलं तं गणिताले वाटन का मी भ्यालो." निकालाच्या दिवशी पेढे मात्र तेच आणत. पास झालेल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन देत. त्यांच्या पेढ्याशिवाय आमच्या गल्लीत कोणी पास झाल्यासारखं वाटत नसे.

शेवटच्या परीक्षेची बातमी आली, त्याच हिवाळ्यात तांत्रिक शाळेचे हेडमास्तर आमच्या ओट्यावर आले. या गल्लीतून आलेली मुलं दिवाळीनंतर गट बदलून मागत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते म्हणाले, "शाळेत कारकुनाची जागा रिकामी होते आहे. प्रवेशाच्या खिडकीवर मला तुम्ही हवे आहात. पण नियमाला मॅट्रिक लागते. जूनपर्यंत मी जागा थांबवून धरतो. त्यापुढे माझ्या हातात नाही." वीस वर्षं पेट्या उचलून मामांची पाठ गेली होती. ही जागा हुकली तर पुन्हा कधी मिळणार नव्हती, आणि परीक्षाही पुन्हा होणार नव्हती.

फॉर्म भरायला मी बसले, कारण माझं अक्षर सुवाच्य होतं. नाव, जन्मगाव, विषय इथवर आले. ऐच्छिक विषयाच्या जागी मामांनी सवयीने सांगितलं, "उच्च गणित." तेवढ्यात काकू आतून आल्या आणि त्यांनी भावाच्या हातात संत्रं ठेवलं.

"सोल."

"मले भूक नाही, ताई."

"भुकेचं कोणी पुसलं तुले? साऱ्या गल्लीचे हात पाहिले तुनं. आज मी तुहे पाहतो."

मामांनी संत्रं सोललं. पहिली फोड काकूंना दिली, दुसरी मला. शेजारची दोन पोरं येऊन उभी राहिली, त्यांना दिल्या. दूधवाला हिशेब विचारायला आला होता, त्याला दोन दिल्या. समोरच्या घरातल्या आजी खिडकीतून बघत होत्या, त्यांच्यासाठी एका पोराजवळ पाठवल्या. मग ते खाली बघू लागले.

"काय उरलं तुह्या हातात?" काकूंनी विचारलं.

"सालटं."

"मंग? ज्याचं संत्रं असं संपते, त्याले एक्स अन् वाय कायले पाहिजे? माणसं पाहा, माणसाचा विषय घे."

"ताई, गणिताले वाटन..."

"गणित तुले ओळखत बी नाही गा!"

मामांनी सालटं ओट्याच्या कडेला ठेवली. मग मला म्हणाले, "लिही वं. शरीरशास्त्र अन् आरोग्य."

पुढचे तीन महिने संध्याकाळी आमच्या ओट्यावर वर्ग भरला. पांढरे दोरे काढणारी मुलगी आता सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती ड्यूटी संपवून येई आणि मामांना रक्ताभिसरण शिकवी. एका पट्टीत साल काढणाऱ्याने हृदयाची आकृती मापात काढून भिंतीवर लावली आणि मामांकडून ती गिरवून घेतली. मी नोट्स टाइप केल्या. दुकानवाल्याने शिकवलं काही नाही, पण चहाची पावडर त्याच्याकडून आली. नर्स मामांना सांगे, "मामा, मूत्रपिंडं दोन असतात. एक कोणाले देऊन येऊ नका." गल्लीच्या कोपऱ्यावरून जाणारे थांबून विचारत, कोणाची परीक्षा आहे. पोरं सांगत, "आमची."

मार्चमध्ये मामांनी सगळे पेपर दिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला आणि ते पास झाले. त्या दिवशी पेढे आणायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ते काम मामांचं होतं. शेवटी माझे वडील पेढे आणायला गेले. परत येऊन त्यांनी मामांच्या हातावर पेढा ठेवला. मग दारात उभ्या असलेल्या मामांच्या सायकलची घंटी त्यांनी एकदा वाजवली.

त्याच महिन्यात मामा तांत्रिक शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीत बसले.

एक गोष्ट मला नंतर कळली. त्या मार्चमध्ये उच्च गणिताचा पेपर होता, त्या दिवशी मामांना परीक्षा नव्हती. तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर गेले. बाहेर आलेल्या पहिल्या मुलाकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली तीन तास बसून सोडवली. ते कागद त्यांनी नोकरीला लागल्यावर शाळेच्या गणिताच्या मास्तरांना तपासायला दिले. काकूंनी मला हे सांगितलं, पण किती मार्क पडले ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मामा सांगत नव्हते.

मी शाळेत जाऊन मास्तरांना विचारलं. पास व्हायला पस्तीस लागत. मास्तरांनी एकेचाळीस दिले होते.