पहिली सुरी

मला अजून राग येतो. माझी शरयू मावशी कॅनडात, एडमंटनमध्ये सर्जन होती. उभं आयुष्य माणसांची पोटं उघडण्यात गेलं तिचं, पण घरात आलेला भोपळा तिने कधी आपल्या हाताने आधी चिरला नाही. पहिली सुरी घरच्या पुरुषाने लावायची, हा तिच्या सासूचा नियम. सासू गेली, नियम राहिला.

गेल्या सप्टेंबरात तिने फार्मर्स मार्केटमधून डेलिकाटा आणले. लांबट, पिवळे, हिरव्या पट्ट्यांचे भोपळे. नख रुतत नाही ना, देठ वाळलाय ना, हे बघून एकेक निवडला. याची साल इतकी पातळ की सोलायलाच नको. मेथीदाण्याची फोडणी देऊन सालीसकट खायचा.

नेमके तेव्हाच तिचे यजमान, म्हणजे काका, पुण्याला गेले. मावशीने भोपळे बेसमेंटमध्ये खोक्यात ठेवले, आपला लाल भोपळा ठेवतात तसे. पण पातळ सालीचा भोपळा तेवढा टिकत नाही. संक्रांत उलटून काका परतले, तोवर सगळ्यांना पाणी सुटलं होतं.

मी तिथेच होते. काका सोफ्यावर चहा पीत म्हणाले, "अगं, मग कापायचेस ना. असलं कोण मानतं आता?"

मावशी खाली गेली, ते गळकं खोकं घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. वर सुरी ठेवली.

"हे पहिल्या भोपळ्याच्या वेळी म्हणायचं होतंत," ती म्हणाली. "आता लावा सुरी."