आईचा खर्ज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसांसमोर माझं तोंड फक्त गाण्यापुरतं उघडतं.

मी पुसदला शाळेत संगीत शिकवते. कुठे सत्कार झाला की माइकवर माझी एक गोष्ट ठरलेली असते. दिग्रसजवळच्या आमच्या खेड्यात आईने कापूस वेचून पेटीसाठी पैसे जमवले, ती पेटी माझ्या हाती दिली, म्हणून मी इथवर आले. ती ऐकून समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. गोष्ट खोटी नाही. फक्त — ती पेटी आई माझ्यासाठी घ्यायला निघाली नव्हती. स्वतःसाठी निघाली होती.

आईचा आवाज कसा होता, कसं सांगू? घोगरा नव्हता, जाडाभरडाही नव्हता. खोल होता. बायकांच्या भजनी मंडळात सगळ्या वरच्या सुरात गायच्या आणि आईचा आवाज त्यांच्याखाली सतरंजीसारखा अंथरलेला असायचा. ती पुरुषांच्या पट्टीत गायची, काळी एकमधून. गावात तिला ‘बुवा’ म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, हाक मारली की हसून ‘ओ’ द्यायची. वाटायचं ते मला. शाळेत मी ‘बुवाची पोट्टी’ होते ना!

मंडळाकडे देवळातली जुनी पेटी होती. भाता फाटलेला, सूर कमी आणि फुसफुस जास्त. आईच्या मनात भरली होती खर्जाची पेटी. तिच्यात नेहमीच्या सुरांखाली आणखी एक ओळ असते, जाड सुरांची. बटण ओढलं की पेटी खालून भरून येते. एका सप्ताहात दुसऱ्या गावच्या मंडळाकडे तिने ती ऐकली, आणि मग तिला दुसरं काही सुचेना. वेचणीच्या दिवसांत ती सगळ्यांच्या आधी शेतात शिरायची, कापूस जास्त भरावा म्हणून. मंडळाला कुणी घरी बोलावलं तर सांगायची, साडीचोळी नको, ताटात पैसे टाका. असे किती हंगाम गेले. स्वतःसाठी काही मागताना मी तिला दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पेटी पारखायला मी सोबत हवी होते. का? तर दिग्रसच्या एका क्लासातून मी संगीताच्या दोन परीक्षा पास झाले होते. मंडळात सुरावरून वाद झाला की सगळ्या बाया माझ्याकडे बघायच्या. परीक्षा दिलेल्या पोरीचा शब्द शेवटचा, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली होती. आईसुद्धा मला विचारायची — जिच्या मांडीवर मी गाणं शिकले तीसुद्धा. हसू येतं ना तुम्हाला? मला येत नाही.

यवतमाळच्या दुकानात दोन पेट्या समोर आल्या. एक खर्जाची. दुसरी नाजूक, गोड, बायकी म्हणावी तशी. किमतीत फारसा फरक नव्हता, म्हणजे तीही सबब मला नाही. आई खालीच मांडी घालून बसली. मी खर्जाचं बटण ओढलं, काळी एक धरली, आणि आई गायली.

काय सांगू? पेटी कुठे संपतेय आणि आई कुठे सुरू होतेय ते कळेना. दुकानदाराच्या हातातलं काम थांबलं. आईचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते — तिथेच घात झाला. गिटारच्या तारा घ्यायला आलेल्या दोन कॉलेजच्या मुली दारात उभ्या होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं आणि ओढणी तोंडाला लावली. बस, एवढंच झालं.

आईने डोळे उघडले. चेहरा कसा उजळला होता!

“कसं वाटून राह्यलं वं? बसते का माहा आवाज?”

मला माहीत होतं. तेवढं कळायला परीक्षाही लागत नव्हती. मी म्हणाले, “नाई आई. बेसूर होऊन राह्यली तू.”

“लय बेसूर होते?”

“हो. या पेटीत तर जास्तच कळते.”

दुकानदार काहीतरी बोलायला गेला. आईने त्याला हातानेच थांबवलं. “माही पोरगी शिकलेली हाय, दादा,” ती म्हणाली. अभिमानाने म्हणाली हो!

मला त्या मुलींसमोर आईची लाज वाटली, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. पण तेवढंच होतं का? ती नाजूक पेटी माझ्या वरच्या पट्टीला, काळी पाचला, अगदी जमत होती, आणि हे मी तिला पहिल्यांदा हात लावला तेव्हाच हेरलं होतं. आधी लाज आली की आधी हाव सुटली? खरंच ठाऊक नाही. नाजूक पेटी घेतली. एसटीत आईने ती मांडीवर धरून आणली, वर ठेवू दिली नाही.

पुढे मंडळात पट्टी माझी. आईने टाळ हातात घेतले, ओठ हलवत राहायची. शेवंतामावशी खंजिरी वाजवायची, तिने एकदा भर मंडळात विचारलं, “सुमनबाई, तू काहून गात नाही वो आता?”

“माहा सूरच नाही लागत ना. पोरीनं सांगतलं ते बरं झालं. इतके दिवस तुमचे कान खाल्ले म्या!” आई हसली, मग सगळ्या हसल्या. मी पेटीवर मान घालून बसले होते. तेव्हा बोलता आलं असतं. नंतरही कितीदा आलं असतं. पण माझं नाव होत गेलं, परीक्षा वाढत गेल्या, आणि माझा शब्द घरात आणखीच पक्का होत गेला.

मागच्या वर्षी ती आजारी पडली, म्हणून पुसदला माझ्याकडे आणली. एका दुपारी शाळा लवकर सुटली. जिना चढताना आवाज आला. आई माझ्या लेकीला झोपवत होती, गाऊन. तोच आवाज, थकलेला, पण जिथल्या तिथे. मी जिन्यात उभी राहिले. आता तर शिकवणं हाच माझा धंदा आहे, कान सुई शोधावी तशी चूक शोधतात. एक सापडली नाही.

मी आत गेले तशी ती ओळीच्या मध्येच थांबली. चोरी पकडल्यासारखा पदर तोंडावर घेतला.

“आली काय वं तू? हळूच म्हणत होती, पोरीचे कान नाई बिघडवले.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “आता तरी लागते का वं सूर? थोडासा?”

हो म्हणायचं तर तेव्हाचंही सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, “औषध घेतलं का?”

“घेतलं,” ती म्हणाली.

त्यानंतर ती गायली नाही. दिवाळीच्या आधी गेली. तिचा सूर कधीच चुकला नव्हता, आणि हे तिला सांगू शकेल अशी मी एकटीच होते.