इंदूअक्काचा आवाज

बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या आमच्या घरात माझ्या आत्याचं नाव घ्यायला बंदी होती.

ती आत्या म्हणजे इंदूअक्का. कन्नड सिनेमातली आणि नंतर मराठीतलीही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तिला पडद्यावर बघितलंय.

आज सकाळी कलबुर्गीत ती गेली. शांतपणे, झोपेत.

सुरुवातीच्या गोष्टी माझ्या जन्माआधीच्या. पण अण्णांच्या तोंडून, म्हणजे माझ्या वडिलांच्या, इतक्यांदा ऐकल्यात की मी तिथंच उभी होते असं वाटतं.

अक्का कलबुर्गीला टीचर ट्रेनिंगसाठी गेली आणि नाटकात रमली. तिथून कुणीतरी बेंगळुरूला सिनेमासाठी नेलं. ट्रेनिंग अर्धवट राहिलं.

आजोबांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. शेती, माळकरी घर, गावात मान. ते अण्णांना एवढंच बोलले, "आजपासून ह्या घरात इंदू नावाची पोरगी न्हाई."

 

तिकडं अक्काचे सिनेमे हिट व्हायला लागले. हिरोची बहीण, मग हिरोईन. पोस्टर आमच्या जवळच्या बसवकल्याणपर्यंत पोचलं.

एक दिवस अप्पा म्हणाले, "बियाणं आणायला बसवकल्याणला जायलोय."

संध्याकाळी परत आले ते रिकाम्या हाताने. जेवले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. मग अण्णांना हाक मारली.

"तिचा आवाज कुठं गेला रं?"

अण्णांना कळेना.

"तोंड आपल्या इंदूचं हाय. बोलायलीय दुसरीच बाई. शेताच्या त्या टोकावरनं हाक मारली तर बैल माना वळवायचे, असला आवाज होता तिचा. कामून काढून घेतला?"

अप्पा मॅटिनी बघून आले होते!

अण्णा दुसऱ्याच दिवशी बेंगळुरूची बस धरून निघाले. अक्का मेकअप रूममध्ये होती.

"अप्पांनी सिनेमा बघितला?"

"व्हय. बियाण्याच्या नावाखाली."

ती हसली. मग हसता हसता रडायला लागली, एवढी की मेकअपवाल्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं.

खरी गोष्ट अशी होती की तिच्या प्रत्येक सिनेमात डबिंगला दुसरी मुलगी असायची. अक्काच्या कन्नडला मराठीचा वास येतो, असं स्टुडिओत म्हणायचे. तिनेही चालवून घेतलं होतं. नवीन मुलगी, काय बोलणार?

पण त्या दिवशी तिने प्रोड्युसरला सांगितलं, "पुढच्या पिक्चरपासून आवाज माझाच राहील."

"वास येतो हो, मॅडम."

"येऊ दे. मी त्या सीमाभागातलीच आहे."

तो पिक्चर हातचा गेला. त्याच्या पुढचेही गेले. बेंगळुरूची खोली परवडेना म्हणून ती कलबुर्गीला आली आणि परत नाटक करायला लागली. लोक म्हणायचे, संपली. ओळखीच्या एका बाईने तर तोंडावर विचारलं, "आता काय करायलीस, इंदू?"

"तालीम," अक्का म्हणाली.

अशाच एका नाटकाला एक नवा डायरेक्टर येऊन बसला. त्याच्याकडे सीमाभागातल्या मिरच्या विकणाऱ्या बाईची गोष्ट होती. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी उर्दू बोलणारी बाई. प्रयोग संपल्यावर तो अक्काला म्हणाला, "डबिंग तुम्हालाच करावं लागेल. असं बोलणारी दुसरी कुठून आणू?"

त्या पिक्चरला राज्य पुरस्कार मिळाला. अक्कालाही मिळाला.

पण मला पुरस्कारापेक्षा बसवकल्याणच्या टॉकीजमधला तो शो महत्त्वाचा वाटतो. या वेळी अप्पांनी बियाण्याचं नाव काढलं नाही. सगळ्या घराला ट्रॅक्टरमध्ये बसवून नेलं. आजी, अण्णा, आईच्या मांडीवर मी.

पडद्यावर मिरच्यांचं पोतं खाली राहतं आणि बस सुटते. अक्का कंडक्टरवर ओरडते, "अरे, बोरा नीचे रह गया ना! रोको बोलरी मैं!"

अख्खं टॉकीज हसलं. शिट्ट्या पडल्या.

आणि अप्पा उठून उभे राहिले. शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "इंदू हाय ती. माझी पोरगी."

पुढच्या आठवड्यात अण्णा तिला घरी घेऊन आले. अक्का दारात थांबली. 

अप्पांनी वर बघितलं. "हात-पाय धू. जेवायला बस."

माफी नाही, भाषण नाही. ताटात भाकरी, आंबाडीची भाजी. आजीने मात्र तिच्या पाठीवरचा हात जेवण होईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर अक्काने मागं वळून बघितलं नाही. आई, सासू, सरपंच, वकीलबाई, एकदा तर चक्क डाकू. मराठी सिनेमावाल्यांनी बोलावलं तेव्हा ते म्हणाले, मॅडम, तुमच्या मराठीला कानडी वास येतो.

अक्का म्हणाली, "तिकडं मराठीचा वास, इकडं कानडीचा. मी आंघोळ करू तरी कुठं?"

तिथंही तिने स्वतःच्याच आवाजात काम केलं. बिनधास्त.

म्हातारपणी पुन्हा बेंगळुरू सोडून कलबुर्गीत राहिली. कॉलेजच्या मुलींना नाटक शिकवायची. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तर धाप लागलेली, तरी खुर्चीत बसून तालीम चालू.

मी म्हटलं, "अक्का, जरा आराम कर की."

"आराम काय करायचाय? ह्या पोरी अजून वाक्याचा शेवट गिळायल्यात."

त्या नाटकात आजीची भूमिका ती स्वतः करणार होती. प्रयोग रविवारी आहे.

आज दुपारी सगळं उरकल्यावर त्या मुली माझ्याकडे आल्या. रेणुका नावाची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मॅडमची भूमिका मी केली तर चालेल का हो? सगळी वाक्यं पाठ आहेत मला."

मी म्हटलं, "म्हणून दाखव."

अंगणात, अजून न उचललेल्या खुर्च्यांच्या मध्ये, तिने म्हणून दाखवलं. एकही शेवट गिळला नाही.

प्रयोग होणार आहे. कलबुर्गी-बिदरकडचे असाल तर नक्की या.

अक्का, तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार, मान खाली घालून नव्हे, मान वर करून.