अल्विनच्या थडग्यातले दोन पेले

लामोची सासू अल्विन गेली ती बदकाची पिसं उपटता उपटता. मांडीवर अर्धं उघडं बदक, मुठीत पिसं आणि ओठांवर शिवी. "शिवी तेवढी अर्धी राहिली बघा, बाकी सगळं करून गेली," असं लामो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. खरं तर आणखी एक गोष्ट राहिली होती. अल्विनला थडग्यात काचेचे दोन पेले हवे होते. एक आपल्याला, एक पाहुण्याला. पलीकडे कुणी भेटायला आलं आणि जवळ एकच पेला निघाला, तर काय पाहुण्याला ओंजळ पुढे कर म्हणायचं?

त्या बेटावर थडग्यात काचेची जोडी मिळे ती सरदाराच्या घरातल्यांना. पिसंवाल्यांची बोळवण मातीच्या भांड्यांवर. पण लामो दलदलीकडच्या गावातून लग्न होऊन आली, त्याच हिवाळ्यात सासूनं तिला बजावलं होतं, "जन्मभर मातीतून प्यायले गं. मेल्यावर नाही पिणार."

मग दोघी कामाला लागल्या. रोमच्या बायकांना उशीत मऊ पीस लागतं, आणि इतकं मऊ पीस या दोघींशिवाय कुणाकडे नसे. सरहद्दीपलीकडून बोट घेऊन येणारा अगिल मोबदल्यात दरवर्षी ब्राँझची कढई पुढे करी.

"ती कढई घाल तुझ्या डोक्यावर," अल्विन म्हणे. "काच आण."

"मावशी, काच म्हणजे काय गाजर आहे?"

"मग पीस म्हणजे काय गवत आहे?"

शेवटी आणली त्यानं. लोकरीत गुंडाळलेले दोन हिरवट, पातळ पेले, अंगावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. अल्विननं ते उजेडाला धरले आणि अगिलला शिवी द्यायचीच विसरली.

आता ती खड्ड्यात नव्या घोंगडीवर पडली होती आणि काठावर सगळं गाव जमलं होतं. रीत अशी की पेले भरून काठावरच्यांनी आधी प्यायचं, मगच ते मेलेल्याजवळ ठेवायचे. गळका पेला चालत नाही. सरदाराची बहीण सिगलिंद हे बघायला जातीनं आली होती.

लामोचा नवरा वागो आईच्या मायेनं खुळावला होता. गारठा पडलाय, आईला ऊब मिळू दे, म्हणून त्यानं कढत बीअर चुलीवरच्या हंड्यातून थेट पेल्यात ओतली. शिंगात, मातीत, ब्राँझमध्ये जन्मभर अशीच ओतलेली. टच्च! पेल्याच्या काठापासून खाली तडा गेला आणि वागोच्या बोटांमधून बीअर ठिबकायला लागली.

"अगं बाई," सिगलिंद गोड आवाजात म्हणाली, "उगाच काचेच्या नादी लागलात. मडकी ठेवा दोन. शोभतील."

वागोनं डोळे पुसले. लामोनं नाही.

"सूर्य मावळेपर्यंत खड्डा बुजवायचा नाही ना, बाईसाहेब?"

"नाही. पण तोवर पेला काय पुन्हा उगवणार आहे?"

लामो पेला झग्याखाली धरून लोहार इस्गरकडे गेली.

"काचेला डाग देता येत नाही, वहिनी."

"डाग नको. पट्टी मार."

"कशाची?"

लामोनं खांद्यावरची चांदीची पिन काढली. झगा घसरला तो एका हातानं धरला. "हिची."

इस्गरनं तड्यात बर्च झाडाचा काळा डिंक भरला. पिन ठोकून ठोकून पानासारखी पातळ केली. तिची एक पट्टी काठाभोवती वळवली, दुसरी तड्यावरून खाली उतरवली. लामो श्वास सोडायला लागली तेव्हा, "अजून नाही," म्हणाला.

सूर्य झाडांना टेकला तेव्हा लामो परत आली. सिगलिंदनं स्वतः थंड बीअर ओतली आणि पेला आपल्याच पांढऱ्या बाहीवर धरला. सगळं गाव पेल्याच्या बुडाकडे बघत होतं. बाही कोरडी. आणखी थोडा वेळ गेला. बाही कोरडीच. चांदीवर मात्र उन्हाची तिरीप पडली आणि मागच्या बायका "आई गं!" म्हणाल्या.

सिगलिंदनं एक घोट घेतला. मग दुसरा.

"पुरे की," लामो म्हणाली. "सासूबाईंना ठेवा थोडी."

पिसंवाल्या बायका खो खो हसल्या. सिगलिंदलाही हसू आवरलं नाही. पेला परत देताना ती म्हणाली, "अखंड आहे तो तिच्या हाताशी ठेव. हा पाहुण्याला."

"छे! चांदीचा तिच्या हाताशी. पाहुण्याला काय, साधा चालतो."

लामोनं दोन्ही पेले तसेच ठेवले. मग सिगलिंद बाजूला सरली, आणि पहिली मूठ माती टाकायला तिनं लामोला वाट करून दिली.