गंगम्माच्या छतावरचं सोलर

लातुरात मी पाणी तापवायचे सोलर बसवतो. डोकेफिरू गिऱ्हाईकं लई बघितली, पण गंगम्मानं माझ्या जेवढे नाकी नऊ आणले तेवढे कुणी आणले न्हाईत. या अल्ला, काय बाई होती!

क्लासच्या मागच्या गल्लीत ती पोरींचं होस्टेल चालवायची. उदगीर, मुदखेड, पार इस्लापूरपासून पोरी डॉक्टर व्हायला लातूरला यायच्या. क्लास पहाटेचे, त्याच्याआधी सगळ्यांना अंघोळीला गरम पाणी पायजे. लाइटचा भरवसा न्हाई, म्हणून गीझर कामाचा न्हाई. गंगम्मा अंगणात लाकडावर हंडे तापवायची अन् धुरानं पोरी खोकून खोकून बेजार. काहींना त्यांच्या बापांनी समोरच्या सोलरवाल्या होस्टेलात नेऊन टाकलं. असंच चाललं असतं तर गंगम्माला होस्टेलला कुलूपच लावावं लागलं असतं.

त्यात महापालिकेनं सोलरवाल्यांना घरपट्टीत सूट काढली. मी लगेच गेलो. म्हणलं, "मावशी, आता सरकारबी म्हणतंय लाकूड जाळू नका. हवामान बिघडून राहिलंय."

"माझ्या चुलीनं बिघडलं व्हय रे, जिलानी? मोठमोठे कारखाने काय उदबत्ती लावतेत?"

"तसं न्हाई मावशी..."

"अन् सरकार फुकट सूट कामून देतंय? बदल्यात काय घेणार हाय?"

प्रत्येक गोष्टीवर संशय. टाकी ठोकून बघितली. काचेच्या नळ्या फुटल्या तर आतून काय सांडतं ते विचारलं. ऊन फुकट हाय तर तू पैसे कशाचे घेतोस, म्हणली. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, मी ऊन विकत न्हाई, लोखंड विकतो! त्यावर जरा हसली. मला वाटलं, जमलं. मी शिडीकडं वळलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"भरल्या टाकीचं वझं किती?"

मी सांगितलं. तिचं तोंड पांढरं पडलं.

गंगम्मा किल्लारीकडच्या एका खेड्यातली. गणपती बुडवून लोक झोपले, अन् पहाटे भूकंप झाला. माळवदाचं दगडमातीचं जड छप्पर तिच्या लेकीवर, सुकन्यावर बसलं, पोर तिथंच गेली. त्यानंतर तिनं लातुरात स्लॅबचं घर बांधलं खरं, पण त्या छतावर ती साध्या मिरच्यासुद्धा वाळत घालू देत न्हवती.

हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी मी समजावत बसलो, की स्लॅबात सळई असते, काय होत न्हाई. तिनं ऐकून घेतलं अन् विचारलं, "तुला लेक हाय?"

"हाय की. हुमा. यंदा अकरावीला."

"तिला टाकीखालच्या खोलीत निजायला आण. मग चढव टाकी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माझ्या लेकीचं नाव मधे कशाला? गंगम्मा शांत. म्हणली, "एका सोलर कंपनीवाल्यालाबी हेच विचारलं होतं. त्यो लगेच हाव म्हणला. मागनं कळलं, मेल्याचं लग्नच झालं न्हवतं!"

मीबी हाव म्हणणारच होतो. शहरभर टाक्या चढवल्या होत्या, सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं. पण हुमा तिथं अंथरूण घालून राहिलीय असं डोळ्यासमोर आलं. ह्या स्लॅबात सळई किती, सिमेंट किती, मला काय ठाऊक? लई भ्या वाटलं.

"न्हाई आणत," मी म्हणलो.

आता शिव्या खायच्या, असं धरून मी चपला शोधायला लागलो. तर ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बस. आता तुझ्यावर भरवसा बसला. बोल, कुठं बसवायचं?"

"अंगणात बसवू."

"अंगणात ऊन कुठाय?"

खरंच न्हवतं. चारी अंगाला क्लासवाल्यांच्या बिल्डिंगा उठल्या होत्या. ऊन होतं ते फक्त छतावर. गंगम्मानं इकडंतिकडं बघितलं अन् फाटकाजवळच्या सुट्या खोलीकडं बोट केलं. गल्लीच्या अंगानं तिच्या छतावर ऊन येत होतं.

"हिच्यावर चढव."

"मावशी, तिथं तुमी निजता!"

"म्हणून तर म्हणून राहिले. पोरी दुसऱ्याच्या हायत."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला आणून खोलीच्या भिंती, स्लॅब, सगळं तपासून घेतलं. तो ठीक हाय म्हणला, तेव्हाच टाकी वर गेली. धूर बंद झाला, पोरी टिकल्या.

तरी कुठं जमीन हलल्याची बातमी आली की मी आधी गंगम्माला फोन लावतो.

"जित्ती हाय रे," ती वैतागून म्हणते. "पाणीबी गरम हाय. ठेव फोन."