अठ्ठ्याऐंशीच्या वर नाही

एफी मॅकफेलचा राग स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रीनॉकमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा आहे. किरकोळ गोष्टींवर ती चिडत नाही. पाऊस, बस आणि नवरा, या तिघांना तिने कधीच माफ करून टाकलंय. पण कुणी कुणाचा आवाज दाबला की ही बाई पेटते, आणि मग तिच्यापुढे उभं राहायची कुणाची छाती होत नाही.

गेली सव्वीस वर्षं ती बंदराकाठच्या 'बॅरल' या गाण्याबजावण्याच्या हॉलमध्ये साउंड सांभाळते. त्याआधी ती कॉम्प्युटरच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. कारखाना बंद पडला, पण हातातली कला काही कारखान्याबरोबर गेली नाही. गावातल्या पोरांचे बिघडलेले ॲम्प्लिफायर दुरुस्त करता करता ती बॅरलच्या साउंड मिक्सरमागच्या स्टुलावर जाऊन बसली ती बसलीच. पिंपं बनवायची जुनी वखार ती. वर पत्रे, आत दोनशे माणसं दाटीवाटीने मावतात. कुठल्या कोपऱ्यात गिटार घुमते आणि कुठे शब्द विरतो हे एफीला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ आहे.

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी 'सॉल्ट स्टेअर्स' तिथे वाजवायला आले. इनेस आणि त्याचे तीन मित्र, चौघेही याच गावचे, आता लंडन-बर्लिन करून आलेले. त्यांच्या आधीचा अर्धा तास 'विंटर फेरी'ला मिळाला होता. विंटर फेरी म्हणजे शेजारच्या पोर्ट ग्लासगोच्या तीन पोरी. गिटार आणि गळा व्हारीचा, बाकी दोघींकडे फिडल आणि अकॉर्डियन. व्हारी दिवसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. आजवर या पोरी पबच्या कोपऱ्यात तीस-चाळीस जणांपुढे गायलेल्या, दोनशे माणसं पहिल्यांदाच.

दुपारी चारला सॉल्ट स्टेअर्सचा मॅनेजर डॉमिनिक आला आणि त्याने मिक्सरवर एक कागद ठेवला.

“मॅडम, आधीच्या बँडला अठ्ठ्याऐंशी डेसिबलच्या वर न्यायचं नाही. आम्ही शंभरला वाजवू.”

“अठ्ठ्याऐंशी? अरे, बारपाशी लोक नुसत्या गप्पा मारतात त्याचेच पंच्याऐंशी होतात! पोरी गातायत की दात घासतायत, हेही कळायचं नाही कुणाला.”

“पद्धत आहे, मॅडम.”

पद्धत आहेच. उघड कुणी बोलत नाही, म्हणून मी सांगतो. आधी गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम बारीक ठेवायचा, म्हणजे मागून येणारा आपोआप मोठा वाटतो. दुसऱ्याची रेघ पुसायची आणि आपली लांब झाली म्हणून मिरवायचं. ऐकणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. मशीन खाली होतं असं तो म्हणत नाही, पोरींच्यात दम नाही असं म्हणतो. आणि आमच्यासारख्या गावात एकदा असं बोललं गेलं, की पुढच्या वेळी त्या पोरींना ऐकायला कुत्रं फिरकत नाही.

एफी कागद घेऊन तडक इनेसकडे गेली. तो स्टेजच्या पायरीवर बसून सॉसेजचा रोल खात होता. नऊ वर्षांपूर्वी याच स्टेजवर तो दुसऱ्या कुणाच्या आधी वाजवायला उभा होता. तेव्हाही पाहुण्यांनी असाच निरोप धाडला होता. एफीने तो धुडकावला होता आणि त्यापायी मालकाची बोलणी खाल्ली होती.

“ही ओळ कुणी घातली?”

“एफी, सगळेच घालतात गं. आमच्यावर काय कमी वेळा झालं? डंडीच्या कार्यक्रमात तर आमचं गाणं आम्हालाच ऐकू येत नव्हतं.”

“मी विचारलं, कुणी घातली?”

इनेसने रोल खाली ठेवला. “मी. गेल्या वर्षी ॲबरडीनला आधीच्या पोरांनीच मैफल मारली. आम्ही उभे राहिलो तेव्हा अर्धा हॉल बाहेर सिगारेटी ओढत होता.”

“म्हणजे भ्यालास.”

“तसं नाही...”

“तसंच! सासूने चटके दिले म्हणून आपण सुनेला डाग द्यायचा, एवढंच शिकून आलास का रे जगभर फिरून? लाज वाटत नाही? तुझ्याच गावच्या पोरी त्या!”

इतक्यात बॅरलचा मालक ड्रू धावत आला. त्याने एफीला बाजूला घेतलं. “सही मी केलीय, एफी. तू नाही म्हणालीस तर मिक्सरवर त्यांचा माणूस बसेल, आणि तो पोरींना सत्तरवर नेऊन ठेवेल. बघ बाई.”

एफीने बघितलं. सत्तरपेक्षा अठ्ठ्याऐंशी बरे, असला हिशेब आयुष्यात पहिल्यांदा करावा लागला म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. मग ती मागच्या खोलीत जाऊन व्हारीला सगळं सांगून आली. खोटं बोलणं तिच्याने होईना.

“माझी आई सगळ्यात मागे बसणार आहे,” व्हारी म्हणाली. “तिचे पाय दुखतात, भिंतीजवळची खुर्ची तिची. तिला ऐकू येईल?”

“नाही, पोरी.”

साडेसातला पोरी उभ्या राहिल्या. हॉल भरलेला, हाताहातात ग्लास, जो तो बोलतोय. डॉमिनिक आवाज मोजायचं यंत्र हातात धरून एफीच्या खांद्याशी उभा. पहिलं गाणं त्या कोलाहलात बुडून गेलं. बारपाशी एक जाडा गृहस्थ मित्राला म्हणाला, “पोरगी दिसते बरी, पण गळ्यात काही नाही.”

एफीने ते ऐकलं. ती स्टुलावरून उठली, गर्दीतून कोपर मारत पुढे गेली, स्टेजवर चढली आणि तिने व्हारीपुढचा माइक ओढला.

“ऐका रे! या पोरींचा आवाज कागदावर सही घेऊन बारीक केलाय. अठ्ठ्याऐंशीच्या वर नाही! मला मशीन वर नेता येत नाही. मग तुम्ही खाली या. दोनशे तोंडं अर्धा तास मिटा. ज्याला जमणार नसेल त्याने आत्ता बाहेर भिजत उभं राहावं!”

हशा झाला, मग आपापसात शूऽशूऽ सुरू झालं. जाड्या गृहस्थाला त्याच्या बायकोनेच गप्प केलं. एफी परत मिक्सरपाशी पोचेपर्यंत पत्र्यावरचा पाऊस ऐकू येऊ लागला होता.

आणि मग व्हारीने ते केलं जे एफीलाही सुचलं नव्हतं. तिने माइक बाजूला सारला, गिटारची वायर काढून टाकली आणि तिघी स्टेजच्या अगदी कडेला आल्या. वर टेकडीवरच्या वस्तीत जाणाऱ्या बसवरचं तिचं गाणं होतं ते. बस यायची, पण भरवसा नाही. प्रत्येक कडव्यानंतर एकच ओळ: “नाही आली, नाही आली, आजसुद्धा नाही आली!” त्या बसने कुणाला रडवलं नव्हतं? दुसऱ्या कडव्याला पंधरा-वीस जण ओळ धरू लागले. चौथ्याला अख्खी वखार पाय आपटत ओरडत होती आणि मागे भिंतीपाशी एक बाई दुखऱ्या पायांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

“खाली घ्या!” डॉमिनिक किंचाळला. “एकशेदोन झालेत!”

“कुठून घेऊ?” एफीने मिक्सरवर हात फिरवला. सगळी बटणं शून्यावर होती. “जा, एकेकाच्या गळ्याला हात घाल.”

सॉल्ट स्टेअर्सच्या वेळी मिक्सरवर त्यांचा माणूस बसला. त्यांनी चांगलंच वाजवलं, खोटं कशाला बोला. तिसऱ्या गाण्याआधी इनेस माइकमध्ये म्हणाला, “आज आम्ही जे काही आहोत ते एफीमुळे. तिने आम्हाला आवाज दिला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“मग तो कागद फाड!” एफी मागून ओरडली. “आभार नकोत मला!”

सगळ्या माना वळल्या. इनेसने हसल्यासारखं करून मित्रांना खूण केली, आणि शंभर डेसिबल सुरू झाले. एवढा आवाज हाताशी असला की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

एफी कोट घेऊन बाहेर पडली. मागच्या दाराच्या आडोशाला तिघी पोरी व्हिनेगर मारलेले चिप्स खात होत्या. बाकी दोघी खिदळत होत्या. व्हारी तेवढी चिप्सचा पुडा घेऊन एफीजवळ आली.

“एफी,” ती म्हणाली, “इनेसही तेव्हा असाच होता ना? माझ्यासारखा?”

“अगदी असाच.”

“मग उद्या मी मोठी झाले, आणि कुणाला तरी घाबरून असलाच कागद काढला तर?”

“तर तू जिथे असशील तिथे मी येईन आणि भर कार्यक्रमात तुझं मशीन बंद करीन.”

एफीला वाटलं, पोरगी हसेल. ती हसली नाही. तिने चिप्सचा पुडा एफीपुढे धरला.

“नक्की ये,” ती म्हणाली.