थिरथिऱ्याचं माहेर

थंडीत उत्तरेकडच्या जंगलांतून पाखरं आंदर मावळात उतरत. तीच पुन्हा येतात का ते कळावं म्हणून आम्ही पुण्याचे चार हौशी लोक त्यांना जाळीत धरून, पायात नंबराची बारीक कडी घालून सोडून देत असू. बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट.

जाळीतली पाखरं सोडवायला वाडीतली एक मावशी येई. तिचं नाव आम्ही शहाण्यांनी कधी विचारलंच नाही. फासे लावणाऱ्या घरातली ती. पण तिच्या हातात पाखरू कधी घाबरलं नाही.

एकदा मी थिरथिऱ्याच्या मादीला कडी घातली. मावशी म्हणाली, "जोडवं घातलं व्हय? म्हंजी सासरी चालली."

पुढच्या हिवाळ्यात त्याच नंबराची मादी जाळीत आली. मी आनंदाने ओरडलो, तर मावशीने पदराची गाठ सोडून तांदळाचे दाणे तिच्या चोचीपुढे धरले. "माहेरवाशीण रिकामी कशी धाडू?" थिरथिरा किडे खातो आणि जन्मतोही उत्तरेतच, हे पोटात ठेवून मी नंबर वहीत उतरवला.

तिसऱ्या वर्षी ती आली नाही. वहीत मी 'सापडली नाही' असं लिहिलं.

"खोडा ते," मावशी म्हणाली. "सासरी अडकलीया, असं लिवा."

मी नुसता हसलो. परतताना तिचं शेत लागलं. भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबासाठी, बांधावरची झाडं छाटून बोडकी केली होती. आमच्या जाळीजवळचं ऐनाचं झाड तेवढं पानांसकट उभं होतं.

"हे का ठेवलं, मावशी?"

"उशिरानं आली, तर उतरंल कुटं?"

मी तिथेच वही काढली आणि ते खोडलं.